खात्यात आले, पण उत्पन्न नव्हे

पनवेल आणि उरण परिसरात असे घर क्वचितच सापडेल, जिथे कधी ना कधी कुणा एकाच्या नावावर अनेकांचे पैसे आले नाहीत. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला, जासईच्या परिसरात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पुढे विमानतळासाठी उलवे, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे अशा गावांनी जागा सोडली. आता विरार–अलिबाग कॉरिडॉरचे भूसंपादन आहे.

प्रत्येक टप्प्यावर मोबदला आला. कधी तो सगळ्या वारसांना मिळून एकच धनादेश असे, कधी न्यायालयाने वाढवलेली रक्कम थोरल्या भावाच्या खात्यात जमा होई. शेताच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत सोसायट्या आल्या, गणेशोत्सव मंडळे आली, कळंबोली आणि न्हावा-शेव्याच्या आधाराने वाहतुकीचे व क्लिअरिंगचे धंदे आले. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. पैसे ज्याच्या हातात येतात, तो त्यांचा मालक असेलच असे नाही. आणि मालक असला, तरी ती रक्कम करपात्र उत्पन्न असेलच असेही नाही.

आयकर खात्याच्या संगणकाला मात्र हे आपोआप कळत नाही. तिथे दिसतो तो पॅन, रक्कम आणि कापलेला कर. म्हणून ही रक्कम कोणाची आणि कशाची, हे आपणच कागदावर सिद्ध करावे लागते. ते कसे करायचे, हे समजून घेऊ.

नोंद कशी तयार होते

पैसे देणारा, मग तो भूसंपादन अधिकारी असो, बँक असो वा कंपनी, कर कापतो आणि दर तिमाहीला आपले टीडीएस विवरण भरतो. त्यात ज्याचा पॅन लिहिला, त्याच्या फॉर्म 26एएसमध्ये ती रक्कम व कर उमटतो. पगाराखेरीज इतर रकमांवरच्या कपातीसाठी फॉर्म 16ए हे प्रमाणपत्र मिळते. नोव्हेंबर 2021 पासून यात वार्षिक माहिती विवरणाची, म्हणजे एआयएसची भर पडली. त्यात व्याज, लाभांश, मालमत्तेचे व्यवहार, मोठ्या रोख ठेवी अशा अनेक नोंदी एकत्र दिसतात.

ही नोंद म्हणजे कर-आकारणी नव्हे. ती फक्त माहिती आहे. परंतु आपण भरलेले रिटर्न आणि ही माहिती जुळली नाही की संगणक प्रश्न विचारतो. पुष्कळ लोक इथे दोन टोकांना जातात. काही जण घाबरून दुसऱ्याचे पैसेही आपले उत्पन्न म्हणून दाखवतात आणि नाहक कर भरतात. काही जण 'हे माझे नाहीच' म्हणून नोंदीकडे दुर्लक्ष करतात. दोन्ही चुकीचे आहे. नोंद नाकारायची असली, तरी तिला उत्तर द्यावेच लागते.

एक छोटे उदाहरण पाहा. आयकराचा परतावा खात्यात जमा होतो. तो उत्पन्न नाही, कारण आपणच जास्त भरलेला कर परत आलेला असतो. मात्र त्या परताव्यावर खात्याने दिलेले व्याज हे उत्पन्न आहे आणि ते रिटर्नमध्ये दाखवावे लागते. एकाच जमा रकमेत एक भाग करमुक्त आणि दुसरा करपात्र असू शकतो. पनवेलकरांना हा भेद सर्वांत जास्त लागू होतो तो जमिनीच्या मोबदल्यात.

मोबदला : मुद्दल वेगळे, व्याज वेगळे

शेतजमीन ग्रामीण असेल, तर आयकर कायद्याच्या दृष्टीने ती भांडवली मालमत्ताच नाही, त्यामुळे तिच्या मोबदल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण ग्रामीण कोणती? 1961 च्या कायद्याने त्यासाठी लोकसंख्या आणि सरळ रेषेतील अंतर यांचे मोजमाप ठरवले. नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या दहा हजारांहून जास्त व एक लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून 2 किलोमीटर, एक ते दहा लाख असेल तर 6 किलोमीटर आणि त्याहून जास्त असेल तर 8 किलोमीटर. पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 रोजी अस्तित्वात आली आणि तिच्या हद्दीची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार पाच लाखांच्या घरात होती. शेजारच्या नवी मुंबईची लोकसंख्या त्याच जनगणनेत अकरा लाखांवर होती. म्हणून तालुक्यातल्या गावाने दोन्ही हद्दींपासूनचे अंतर तपासले पाहिजे. सातबाऱ्यावर 'शेती' लिहिले आहे एवढ्याने ग्रामीणत्व सिद्ध होत नाही.

शहरी हद्दीतली शेतजमीन असली, तरी वाट बंद होत नाही. सक्तीने संपादन झाले असेल आणि आधीची दोन वर्षे त्या जमिनीवर स्वतः मालक किंवा त्याचे आईवडील शेती करत असतील, तर व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला कलम 10(37) ची सूट आहे. शिवाय 2013 च्या भूसंपादन कायद्याचे कलम 96 सांगते की, त्या कायद्याखाली झालेल्या निवाड्यावर किंवा करारावर आयकर लागणार नाही. अपवाद फक्त कलम 46 चा. ही सूट आयकर कायद्यात स्वतंत्रपणे लिहिलेली नसली तरी लागू आहे, असा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर 2016 च्या परिपत्रक क्रमांक 36 मध्ये केला. या सवलतींमध्ये निवाडा कोणत्या कायद्याखाली झाला याला फार महत्त्व आहे. म्हणून निवाड्याची प्रत घरात असलीच पाहिजे. जमीन सक्तीने संपादित झाली की वाटाघाटीने थेट खरेदी झाली, हेही त्याच कागदांवरून ठरते.

टीडीएसचा नियमही याला धरून आहे. सक्तीच्या संपादनातल्या मोबदल्यावर कलम 194एलए नुसार 10 टक्के कर कापला जातो, पण शेतजमिनीला हे कलम लागू नाही. कलम 96 खाली करमुक्त असलेल्या रकमेवरही कपात करायची नाही. एप्रिल 2025 पासून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रकमेवरही कपात नाही. तरीही कर कापला गेला असेल, तर रिटर्न भरून तो परत मागता येतो. कर कापला म्हणजे रक्कम करपात्र ठरली, असे नाही.

आता व्याजाकडे येऊ. वाढीव मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे खटला चालतो आणि शेवटी मुद्दलाइतकेच, कधी त्याहूनही जास्त व्याज हाती येते. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम 28 खालचे व्याज हा मोबदल्याचाच भाग मानला. त्याच वर्षी संसदेने आयकर कायद्यात दुरुस्ती केली. त्यानुसार उशिरा मिळालेल्या किंवा वाढीव मोबदल्यावरचे व्याज ज्या वर्षी हातात येते त्या वर्षी 'इतर उत्पन्न' धरले जाते आणि त्यातून निम्मी रक्कम सरसकट वजा मिळते. म्हणजे कर उरलेल्या निम्म्यावरच लागतो. या प्रश्नावर नंतरही न्यायालयांत वाद झाले आहेत, त्यामुळे मोठी रक्कम असेल तर जाणकार सीएचा लेखी सल्ला घ्यावा. पण पहिली पायरी तुमच्या हातात आहे. भूसंपादन कार्यालयाकडून मुद्दल, दिलासा रक्कम आणि व्याज यांची फोड लेखी मागून घ्या. ती नसेल, तर सीएलाही नेमके उत्तर देता येणार नाही.

इथेच आणखी एक सावधगिरी. मोबदल्यापोटी मिळालेला भूखंड पुढे विकला, तर ती विक्री वेगळा व्यवहार आहे. तिच्यावर भांडवली नफा होतो आणि किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदार 1 टक्का कर कापतो. त्यासाठी तो जो फॉर्म 26क्यूबी भरतो, तो प्रत्येक विक्रेत्यासाठी स्वतंत्र भरायचा असतो. चार भावंडांचा भूखंड असताना एकाच पॅनवर फॉर्म भरला गेला, तर पूर्ण विक्री त्या एकाच्या नावावर दिसते. सह्या करण्याआधी खरेदीदाराला चारही पॅन लेखी द्यावेत.

एका नावावर रक्कम, वाटेकरी अनेक

समजा, आई आणि तीन भावंडे यांचा समान वाटा आहे. वाढीव मोबदल्यावरचे 8 लाख रुपये व्याज थोरल्याच्या पॅनवर आले आणि 80 हजार रुपये कर कापला गेला. प्रत्यक्षात प्रत्येकाचे व्याज 2 लाख, त्यातले करपात्र 1 लाख आणि प्रत्येकाच्या वाट्याचा टीडीएस 20 हजार. आईला दुसरे उत्पन्न नसेल, तर तिला एक रुपयाही कर लागत नाही, तिचे 20 हजार परत मिळायला हवेत. पण सगळे थोरल्याच्याच नावावर राहिले आणि तो 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर निम्मी वजावट धरूनही 4 लाखांवर त्याला 1 लाख 20 हजारांच्या आसपास कर बसतो. तोही बहुतांशी दुसऱ्यांच्या पैशावर.

यावरचा उपाय आयकर नियम 37बीए मध्ये आहे. ज्या उत्पन्नावर कर कापला, ते दुसऱ्या व्यक्तीच्या हातात करपात्र असेल, तर त्या कराचे श्रेयही त्या दुसऱ्या व्यक्तीलाच मिळते. त्यासाठी पैसे घेणाऱ्याने कर कापणाऱ्याला लेखी घोषणापत्र द्यायचे. त्यात त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, पॅन, रकमेचा तपशील आणि श्रेय तिला का द्यायचे याची कारणे लिहायची. मग कापणारा आपल्या विवरणात तो कर योग्य पॅनवर दाखवतो आणि प्रमाणपत्रही त्याच नावाने देतो. विवरण आधीच भरले असेल, तर तो दुरुस्ती विवरण भरू शकतो. घोषणापत्राची पोच घ्यायला विसरू नका.

रिटर्नमध्येही यासाठी जागा आहे. आयटीआर-2 आणि आयटीआर-3 मधल्या टीडीएसच्या तक्त्यात श्रेय स्वतःचे की दुसऱ्याचे, हे विचारलेले असते आणि दुसऱ्याचा पॅन लिहिता येतो.

सर्वांत चांगला मार्ग मात्र पैसे येण्याआधीचा आहे. वारसनोंद पूर्ण करा, फेरफार मंजूर करून घ्या आणि प्रत्येक वाटेकऱ्याचा पॅन व बँक खाते भूसंपादन कार्यालयात द्या. ते शक्य नसेल आणि एकानेच रक्कम घ्यायची असेल, तर तो सर्वांच्या वतीने घेत आहे असे संमतीपत्र आधी करा. त्यानंतर वाटप रोखीने करू नका. खात्यातून खात्यात गेलेली रक्कम पुढे दहा वर्षांनीही बोलते.

सोसायटी आणि मंडळ

नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर इथल्या सोसायट्यांचे सचिव आणि खजिनदार विनावेतन काम करतात. नोंदणी होण्याआधीच्या काळात अनेकदा देखभालीचे पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात जमा होतात. ठेव त्याच्या नावावर, व्याज त्याच्या पॅनवर. ही सवय तिथल्या तिथे मोडली पाहिजे. सोसायटी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. तिचा स्वतःचा पॅन असतो आणि ती आयटीआर-5 भरते. पॅनच्या चौथ्या अक्षरावरून धारक कोण ते कळते. पी म्हणजे व्यक्ती, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, टी म्हणजे न्यास आणि ए म्हणजे व्यक्तींचा समूह. सामूहिक पैशाच्या ठेव-पावतीवर 'पी'चा पॅन दिसला, तर तो लगेच बदलून घ्यावा.

सभासदांकडून घेतलेले हस्तांतरण शुल्क किंवा ना-वापर शुल्क हे सोसायटीचेही करपात्र उत्पन्न नाही. व्यंकटेश प्रिमायसेस सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये परस्परतेचे तत्त्व मान्य केले. ज्यांनी पैसे घातले, त्यांच्यासाठीच ते वापरले जातात, त्यात नफा नाही. पण तेच पैसे बँकेत ठेवून मिळालेले व्याज परस्परतेत बसत नाही, हे बंगळूर क्लबच्या खटल्यात 2013 मध्ये ठरले. सोसायटीला सहकारी संस्थेतल्या गुंतवणुकीच्या व्याजावर कलम 80पी(2)(डी) ची वजावट मागता येते. त्यासाठी रिटर्न मुदतीत भरणे आवश्यक आहे.

मंडळांची गोष्टही अशीच. वर्गणी आता पावती पुस्तकापेक्षा मोबाइलवर जास्त येते आणि मांडवात लावलेला क्यूआर कोड बहुधा खजिनदाराच्या बचत खात्याचा असतो. बचत खात्यात वर्षभरात दहा लाख किंवा अधिक रोख जमा झाली, की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. रक्कम कुठून आली याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही, तर ती अस्पष्ट जमा धरून तिच्यावर चढ्या दराने कर लावण्याची तरतूद आहे. सेवाभावी कार्यकर्त्यावर ही वेळ आणण्याचा मंडळाला अधिकार नाही. वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्या, मंडळाचा पॅन काढा, मंडळाच्या नावाने खाते उघडा आणि दोन सह्यांशिवाय पैसे काढता येणार नाहीत अशी व्यवस्था करा. उत्सव संपताच जमाखर्च फलकावर लावा. तो कागद खजिनदाराचे सर्वांत मोठे संरक्षण आहे.

पुनर्विकासातले भाडे

जुन्या इमारती पाडून नव्या बांधल्या जातात, तेव्हा बिल्डर सभासदाला पर्यायी घरासाठी दरमहा रक्कम देतो. बोलीभाषेत आपण तिला भाडे म्हणतो. भाडे म्हटले की टीडीएस आणि कर आलाच, असा समज होतो. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये स्पष्ट केले की ही रक्कम घर सोडावे लागल्याच्या त्रासाबद्दल दिलेली असते, ती महसुली उत्पन्न नाही आणि तिच्यावर भाड्याचा टीडीएस कापायचा नाही. तरीही बिल्डरने कापला असेल, तर रिटर्नमध्ये तो टीडीएस मागा आणि विकास करारनाम्याची प्रत, पर्यायी घराचा करार व दिलेल्या भाड्याच्या पावत्या जपून ठेवा.

कळंबोली ते न्हावा-शेवा

कस्टम्सचे क्लिअरिंग करणारा एजंट आयातदाराच्या वतीने शुल्क भरतो, बंदराचा आकार भरतो, कंटेनरचे भाडे देतो आणि शेवटी आपली सेवा-फी लावून बिल पाठवतो. बिल 5 लाखांचे, त्यात त्याची फी 20 हजार. पण सगळे एकाच बिलात लिहिले, तर कंपनी पूर्ण 5 लाखांवर टीडीएस कापते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 1995 च्या परिपत्रक 715 नुसार बिलाच्या एकूण रकमेतून प्रतिपूर्ती वजा करून टीडीएस काढता येत नाही. मग एजंटाची उलाढाल प्रत्यक्षाच्या कितीतरी पट दिसते आणि त्याचे खेळते भांडवल करात अडकते.

उपाय सरळ आहे. दोन बिले करा. एक फीचे, दुसरे केवळ प्रतिपूर्तीचे. दुसऱ्याला आयातदाराच्या नावाच्या मूळ पावत्या जोडा आणि आपल्या हिशेबात ती रक्कम ना उत्पन्नात घ्या ना खर्चात. ती ग्राहकाच्या खात्यातच नावे-जमा होऊ द्या. फीच्या बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल, तर 2017 च्या परिपत्रक 23 नुसार टीडीएस जीएसटी सोडूनच्या रकमेवर कापायचा असतो. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्या वाहतूकदाराने पॅनसह घोषणापत्र दिले, तर त्याच्या भाड्यावर कपातच होत नाही. छोट्या ट्रकमालकांनी हा कागद प्रत्येक ग्राहकाकडे द्यावा.

उत्तर कसे द्यायचे

रिटर्न भरण्याआधी एआयएस उघडा आणि प्रत्येक नोंद वाचा. नोंदीसमोर अभिप्राय देण्याची सोय असते. माहिती बरोबर आहे, उत्पन्न करपात्र नाही, माहिती पूर्णपणे बरोबर नाही, ती दुसऱ्या पॅनची वा वर्षाची आहे, ती दुबार आहे, किंवा माहिती अमान्य आहे, यांपैकी खरे तेच निवडा. करमुक्त मोबदला 'करपात्र नाही' मध्ये जातो, भावाच्या वाट्याचे व्याज 'दुसऱ्या पॅनची' मध्ये. पण अभिप्रायाने काम संपत नाही. करमुक्त उत्पन्न रिटर्नच्या करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात लिहावे. टीडीएस मागायचा आणि रक्कम कुठेच दाखवायची नाही, असे केले तर नोटीस येणे जवळपास ठरलेले असते.

1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम 2025 लागू झाला आहे. या लेखातली आयकराची कलमे 1961 च्या कायद्याची आहेत. त्याआधीच्या वर्षांसाठी तीच चालतील, पुढच्या वर्षांसाठी नवे क्रमांक आणि त्या वर्षीच्या मर्यादा तपासून घ्याव्यात. कायद्याचे क्रमांक बदलले, तरी मूळ तत्त्व तेच आहे. कर मालकाच्या उत्पन्नावर लागतो, पैसे हाताळणाऱ्यावर नाही. पण मी फक्त हाताळणारा आहे, हे दाखवण्याची जबाबदारी हाताळणाऱ्याची असते.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. कुटुंबाचे, सोसायटीचे, मंडळाचे किंवा ग्राहकाचे पैसे तुमच्या हातून जाणार असतील, तर ते स्वीकारण्याआधी तीन प्रश्न विचारा : पॅन कोणाचा लागणार, रकमेत मुद्दल किती आणि व्याज किती, आणि मी ही रक्कम कोणाच्या वतीने घेतो आहे याचा कागद कुठे आहे? तिन्हींची उत्तरे लेखी मिळेपर्यंत सही करू नका.